गिटारीच्या किमतीची मधली पायरी

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकाशी असलेले भीमपूर २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेत मंडलाचे ठिकाण झाले. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. हैदराबाद राज्य मोडले तेव्हा, १९५६ मध्ये, किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके मुंबई राज्यात गेले, पण मराठी काही त्या रेषेपाशी थांबली नाही. या मुलखातले मूळ तंतुवाद्य किंगरी होय. तीन तारांची आणि घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवली जाणारी ही किंगरी प्रधानांच्या हातात असे. प्रधान म्हणजे राजगोंडांच्या कुळकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगणारे गायक, आणि त्यांची घरातली बोली मराठी असली तरी कथा मात्र ते गोंडीत गात. १९४० च्या दशकात या भागात राहून अभ्यास केलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या, १९४८ मध्ये निघालेल्या राजगोंडांवरील ग्रंथात या नात्याचे विस्तृत वर्णन आहे. कोणत्या गोंड घराण्यासमोर कोणत्या प्रधानाने वाजवायचे हे तेथे जन्मानेच ठरलेले असल्याने वाद्याची निवड हा प्रश्नच उभा राहत नसे. महत्त्व कथेला आणि ती ज्याला मुखोद्गत आहे त्या माणसाला होते.

गिटारीची गोष्ट वेगळी आहे, कारण ती घरी येते तीच मुळी आपल्या माथ्यावर, म्हणजे खुंट्या बसवलेल्या वरच्या टोकावर, कारखान्याचे नाव घेऊन. पंधरा ते पंचवीस हजार रुपयांच्या दरम्यान, म्हणजे बाजारात ज्याला ढोबळमानाने मधली किंमत म्हणतात त्या टप्प्यात, दोन ब्रँडांच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या गिटारींतून एक निवडण्याची वेळ येते तेव्हा ग्राहकाची नजर साहजिकच त्या नावावर जाते; प्रत्यक्षात त्या नावामागे लाकूड कुठे खर्चायचे आणि कुठे वाचवायचे याविषयीच्या निर्णयांची जवळजवळ दोनशे वर्षांची साखळी आहे, आणि निवड करायची ती खरे तर त्या निर्णयांची.

साखळीच्या आरंभी एक व्यावसायिक भांडण आहे. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन गावात व्हायोलिन बनवणाऱ्यांची श्रेणी, म्हणजे व्यवसायाचे हक्क राखणारा कारागीर-संघ, असे म्हणत होती की फर्निचरच्या सुतारांना गिटार बनवण्याचा अधिकार नाही. ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन याचे घराणे सुतारांच्या बाजूचे होते. या वादाला कंटाळून तो १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि १८३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थिरावला, जिथे त्याच्या नावाचा कारखाना आजही चालतो. १८४० च्या दशकात त्याच्या गिटारींच्या तबलीखाली, म्हणजे पेटीच्या वरच्या पातळ फळीच्या आतल्या अंगाला, एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या आधारपट्ट्या येऊ लागल्या. त्या काळी तारा आतड्याच्या असल्याने ताण थोडा होता, परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत पोलादी तारा रूढ झाल्या आणि सहा तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या घरात गेला, तेव्हा हीच फुली फळीला तोलून धरण्यास योग्य ठरली. आज मधल्या किमतीची बहुतेक प्रत्येक गिटार, तिच्यावर कोणतेही नाव असो, आतून या फुलीवरच उभी असते. रुंद खांद्यांचा आणि भरदार पेटीचा जो आकार आता सर्वत्र दिसतो तोही मार्टिनच्याच कारखान्यातला: १९१६ मध्ये बॉस्टनच्या डिटसन या पेढीसाठी तो प्रथम तयार झाला, ‘ड्रेडनॉट’ हे नाव त्याला ब्रिटिश युद्धनौकेवरून मिळाले, आणि १९३१ पासून मार्टिनने तो स्वतःच्या नावाने विकायला घेतला.

वरच्या पायरीवर मार्टिन आणि १९०२ मध्ये कलामाझू येथे स्थापन झालेली गिब्सन कंपनी होती. खालच्या पायरीवर शिकागोच्या हार्मनीसारखे कारखाने होते, ज्यांचा माल टपालाने मागवायच्या सूचिपत्रांतून खपे आणि ज्यांपैकी हार्मनीचा कारखाना १९१६ मध्ये सिअर्स या सूचिपत्रवाल्या पेढीनेच विकत घेतला. मधली पायरी त्या वेळी अरुंद होती. ती रुंदावण्याचे मोठे श्रेय जपानला द्यावे लागते. तोराकुसु यामाहा यांनी १८८७ मध्ये हामामात्सु येथील एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातून पुढे त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. तिने १९६६ मध्ये एफजी-१८० ही गिटार बाजारात आणली, जिची तबली, पाठ आणि कडा हे सारेच प्लायवुडचे, म्हणजे पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेल्या फळीचे होते. अस्सल लाकडाचा आग्रह धरणाऱ्यांना हे हलके वाटणे स्वाभाविक होते, परंतु सुबक जोडकाम, न वाकणारी मान आणि तरुणांना झेपणारी किंमत यांच्या बळावर या मालिकेने जगभर पाय रोवले. त्यानंतर जपानच्या मागोमाग दक्षिण कोरिया, मग इंडोनेशिया आणि चीन येथे काम सरकत गेले, आणि कोरियाच्या कॉर्टसारखी कंपनी स्वतःच्या नावाबरोबर इतरांच्या नावाच्या गिटारीही बनवू लागली. त्यामुळे दोन वेगळी नावे म्हणजे दोन वेगळे कारखाने असतीलच, असे गृहीत धरता येत नाही.

मधल्या पायरीचे आजचे ठरलेले रूप असे, की तबली अखंड स्प्रूसची असते आणि पाठ व कडा थरांच्या असतात. स्प्रूस हे थंड प्रदेशातले, हलके आणि ताठ असे सूचिपर्णी लाकूड आहे. तबली अखंड आहे की थरांची, हे पत्रकावर विसंबून न राहता डोळ्यांनी पाहता येते. तारांखालच्या गोल छिद्राची कड उजेडात धरली, की अखंड फळीवरच्या बारीक समांतर रेषा कडेवरून वळून तिच्या जाडीतही तशाच उतरताना दिसतात. थरांच्या फळीत त्या रेषा वरच्या पापुद्र्यापाशीच तुटतात आणि त्यांच्याखाली आडव्या धाग्यांचा, बहुधा गडद रंगाचा, दुसरा थर डोकावतो. ध्वनीत मुख्य वाटा तबलीचा असल्याने पैसा तेथे खर्चायचा आणि पाठीवर वाचवायचा, हा निर्णय शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

पाठ आणि कडांच्या लाकडाचा इतिहास मात्र मराठी वाचकाच्या फार जवळचा आहे. उंची गिटारींसाठी पूर्वी ब्राझिलचे रोजवुड वापरत. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्राझिलने त्याचे ओंडके बाहेर जाऊ देणे थांबवल्यावर मार्टिनने १९६९ मध्ये भारतीय रोजवुड स्वीकारले. भारतीय रोजवुड म्हणजे शिसव. ज्या शिसवाचे पलंग, कपाटे आणि झोपाळे जुन्या मराठी वाड्यांत आहेत, जे दख्खनच्या पानझडी रानांत, आदिलाबाद-चंद्रपूरच्या पट्ट्यातही, सागाच्या सोबतीने वाढते, त्याच जातीचे हे लाकूड. गिटारींना पुरवठा मुख्यतः पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातून होत आला, आणि ओंडके निर्यात करण्यास भारतात बंदी असल्याने ते पाठी व कडांच्या कापलेल्या पट्ट्यांच्या रूपात बाहेर जाई. २०१७ च्या आरंभी शिसवाच्या साऱ्या कुळाचा व्यापार वन्य जातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली परवान्यांनी बांधला गेला. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण मधल्या दोन-तीन वर्षांत अनेक कंपन्यांनी मधल्या व खालच्या पायरीवर शिसव सोडून अक्रोडासारखी लाकडे धरली, आणि सूट मिळाल्यावरही सगळ्या मागे वळल्या नाहीत. आजच्या स्वस्त-मध्यम गिटारीच्या बोटपट्टीवर, म्हणजे पडदे बसवलेल्या मानेच्या दर्शनी पट्टीवर, फिकट तपकिरी अक्रोड दिसतो तो या घडामोडीची खूण आहे, आणि त्याला उणेपणा मानण्याचे कारण नाही.

भारतात गिटार तशी नवखी नव्हती. मुंबईत फुर्टाडोसारखी पेढी १८६५ पासून पाश्चात्त्य संगीताचा व्यवहार करीत आली, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांनी गिटार वाजवली, आणि ब्रिजभूषण काबरांनी ती मांडीवर आडवी ठेवून तिच्यातून राग काढले. तरीही आयातीवर निर्बंध असेतो सामान्य शिकणाऱ्याला देशी स्वस्त गिटारीपलीकडे फारसे काही परवडत नसे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक बंधने एप्रिल २००१ मध्ये उठली, त्यानंतर आशियाई कारखान्यांचा मधल्या किमतीचा माल सहज येऊ लागला, आणि २०१९ मध्ये यामाहाने चेन्नईजवळ स्वतःचा कारखाना सुरू केला. नागपूर आणि हैदराबाद यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरच्या आदिलाबादला ही पायरी अशी पोहोचली.

या पायरीवरची नेहमीची जोडी घ्यायची तर यामाहाची एफजी-८०० आणि फेंडरची सीडी-६०एस. १९४६ च्या फेंडरचा लौकिक मुळात विजेच्या गिटारींचा आहे. दोन्हींची तबली अखंड स्प्रूसची, दोन्हींचा आकार तोच रुंद खांद्यांचा, दोन्हींत तीच फुली. फरक आहे तो तारेच्या लांबीत: यामाहात माथ्याजवळच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचे अंतर सुमारे ६५० मिलिमीटर, तर फेंडरमध्ये सुमारे ६४३. सात मिलिमीटर म्हणजे पेरभरही नाही, पण तेवढ्याने त्याच स्वरासाठी फेंडरच्या तारेवर ताण किंचित कमी येतो. कोवळ्या बोटांना तेवढाही आराम जाणवतो, तर जोरकस हाताने वाजवणाऱ्याला लांब तारेचा ताठपणा अधिक मानवतो. हे हातानेच कळते, म्हणून दोन्ही गिटारी एकाच बैठकीत, एकाच जाडीच्या तारा लावून वाजवून पाहणे हा नावापेक्षा कितीतरी खात्रीचा निकष आहे.

पैनगंगेच्या खोऱ्यात आणखी एक निकष जोडावा लागतो, तो हवेचा. तेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पावसाळा दमट असतो आणि हिवाळा तेलंगणात सर्वांत कडक. गिटारीच्या लाकडाला मात्र ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोरड्या वैशाखात अखंड फळी आक्रसून तडकू शकते, तर आडव्या-उभ्या धाग्यांचे थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ज्या प्लायवुडला पारखी नाक मुरडतात तेच प्लायवुड पाठीला आणि कडांना असणे येथे उपकारक ठरते. मानेचे वाकणे सांभाळायला तिच्या पोटात लोखंडी सळई असते. गिब्सनच्या कारखान्यातील थॅडियस मॅकह्यू यांना पिळून ताण बदलता येणाऱ्या सळईचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले, तर मार्टिनने तशी सळई १९८५ मध्ये आपलीशी केली. वर सांगितलेल्या दोन्ही गिटारींत ती आहे. ऋतू पालटला आणि तारा पडद्यांना लागून खरखरू लागल्या किंवा उलट फार उंच उठल्या, की षट्कोनी किल्लीने ती सळई एकदम न पिळता पाव फेरा फिरवावी, मग गिटार रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा सुरात लावून पाहावी.