येळवस : लातूर-नांदेडचे वनभोजन

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या दक्षिण भागात वेळ अमावस्या साजरी होते. बोलीत ती येळवस. डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या या दिवशी शाळू कमरेच्या वर गेलेला असतो, हरभरा घाट्यावर येत असतो आणि काळ्या रानात ओल टिकून असते. रब्बीवर जगणाऱ्या या मुलखात शेत सर्वांत देखणे दिसते ते याच दिवसांत.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात. आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात, लक्ष्मीचीही पूजा होते. मग पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची. त्यानंतर जेवण, आणि खरे तर येळवस ओळखली जाते ती जेवणावरूनच. तूर, वाटाणा, हरभरा, वालाचे ओले दाणे डाळीच्या पिठात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या आणि मडक्यातले लसूण घातलेले आंबट आंबील. आंबील पोटभर पिऊन झाडाखाली लवंडणे हाही रिवाजाचाच भाग मानावा.

या प्रथेला राज्याची सीमा अडवत नाही. बिदर, कलबुर्गीकडेही याच अमावस्येला लोक शेतात जेवतात. त्यात नवल नाही: हा सारा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यातच होते.

पूर्वी घरोघरच्या बायका पाट्या डोक्यावर घेऊन, नाहीतर बैलगाडीतून रानात जात. रोज रानातच राबणाऱ्यांना हा विसाव्याचा एक दिवस. 1982 मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, पुढे बाजारपेठ आणि शिकवण्यांमुळे शहर फुगले, तसा या दिवसाचा अर्थ पालटला: शहरात राहणाऱ्यांसाठी तो धकाधकीतून रानाकडे परतण्याचा दिवस झाला. त्याच 1982 मध्ये जपानच्या वनखात्याने ताणावर उतारा म्हणून ‘वनस्नाना’ची, म्हणजे झाडांच्या सहवासात निवांत वेळ घालवण्याची, कल्पना मांडली; लातूरकरांना त्यासाठी सरकारी मोहीम लागली नाही, स्थानिक सुट्टी पुरली. त्या दिवशी शहरातली दुकाने बंद असतात, रस्ते ओस पडतात आणि मोटारी शेतांच्या बांधाला लागतात.

जमीन नसलेल्यांना मित्र, शेजारी, सोयरे आवर्जून बोलावतात. वाटेने जाणाऱ्यालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. शहरालगतची शेते प्लॉटिंगमध्ये गेली, त्या घरांची येळवस आता अशाच आमंत्रणावर चालते.