सतरा पावलांत सापडलेली चूक

मागच्या पावसाळ्यात मी हेमलकशाला होतो. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं होतं, भामरागडकडे जाता येईना, आणि गप्पांना वेळच वेळ. तिथल्या एका गुरुजींनी विचारलं, "सर, पीएचडीत तुम्ही नेमकं करता काय?" त्यांना जी गोष्ट सांगितली तीच तुम्हाला सांगतो.

मी 'रिग्रेशन' शोधतो. म्हणजे काल नीट चालणारी गोष्ट आज सुधारणा केल्यावर बिघडते, ती.

एप्रिल 2021. जर्मनीतल्या एका होस्टिंग कंपनीत ग्राहकाची तक्रार आली: डाउनलोड केलेली लॉग फाइल उघडत नाही. मॅक्स केलरमान यांनी पाहिलं तर जीझिप फाइलच्या शेवटचे 8 बाइट बिघडलेले. दुरुस्त केलं, विसरले. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग अख्खी डिस्क चाळली. बिघडलेल्या फाइली बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या, आणि त्या 8 बाइटांच्या जागी झिप फाइलच्या मथळ्याची सुरुवात! महिन्याच्या फाइली एकत्र करून झिप देणारा प्रोग्राम मूळ फाइल फक्त वाचत होता. त्याला लिहायची परवानगीच नव्हती. मग लिहिलं कुणी?

इथे जरा थांबा, कारण सगळी मेख पुढे आहे. 2006 मध्ये लिनक्स 2.6.17 मध्ये 'स्प्लाइस' नावाचा कॉल आला. फाइलमधली माहिती पाइपमध्ये टाकताना तिची झेरॉक्स काढायची नाही, मूळ वहीचं पानच पुढे सरकवायचं. वेळ वाचतो. पण पाइपमध्ये पुढचं कुणी लिहू लागलं तर त्याला या पानावरच्या मोकळ्या जागेत लिहू द्यायचं नाही, कारण पान फाइलचं आहे. 'इथेच पुढे लिहा' अशी चिठ्ठी फक्त पाइपच्या स्वतःच्या पानांना.

2016 मध्ये, 4.9 आवृत्तीत, नवीन पान लावताना आधीची चिठ्ठी काढायची राहून गेली. तेव्हा काहीच बिघडलं नाही, कारण त्या चिठ्ठीला तोवर अर्थच नव्हता. 2020 च्या 5.8 मध्ये कोड नीटनेटका करताना तो अर्थ आला. दोघांनीही आपापल्या परीने बरंच काम केलं होतं, हे मला फार आवडतं (आणि थोडं घाबरवतंही).

केलरमान यांनी दोन अगदी छोटे प्रोग्राम लिहिले. एक फाइलमध्ये 'ए' लिहितो, दुसरा ती स्प्लाइस करून पाइपमध्ये 'बी' लिहितो. फाइलमध्ये 'बी' दिसू लागले. 4.19 वर दिसत नाहीत, 5.10 वर दिसतात. मधे 1,85,011 बदल. आलापल्ली ते हेमलकसा केबल तुटली तर तुम्ही प्रत्येक खांब बघाल का? मधल्या खांबाशी जाल, मग उरलेल्याच्या मध्यावर. 'गिट बायसेक्ट' हेच करतं. 17 पावलांत तो बदल सापडला.

पण गंमत तिथे संपली. वाचायची परवानगी असलेली कुठलीही फाइल, अगदी पासवर्डची यादीसुद्धा, कुणीही साधा वापरकर्ता बदलू शकत होता. 20 फेब्रुवारी 2022 ला त्यांनी कर्नेलच्या सुरक्षा गटाला कळवलं, तीन दिवसांत दुरुस्त आवृत्त्या निघाल्या, 7 मार्चला 'डर्टी पाइप' या नावाने जगाला कळलं.

गुरुजींनी विचारलं, "दुरुस्ती केवढी?" दोन ओळी. दोन ठिकाणी चिठ्ठी कोरी करायची.