ॲप बनवायला शिकायचंय? लॅपटॉपवर काय टाकाल?

अँड्रॉइड ॲप शिकायला एक रुपयाचंही सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. लिनक्स आणि अँड्रॉइड स्टुडिओ पुरतं. जावा त्यातच येतं. पण फुकट म्हणजे मुक्त नव्हे. स्टुडिओचा एसडीके गूगलच्या अटी मान्य केल्यावरच डाउनलोड होतो. डेबियनने स्वतः तयार केलेला एसडीके खरा मुक्त, मात्र आवृत्ती जुनी.

खरी अडचण रॅमची. स्टुडिओला किमान ८ जीबी लागते, एम्युलेटर चालवायचा तर १६. तेव्हा एम्युलेटर सोडाच, आपलाच फोन वापरा. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन दिसतात. तिथं यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा, ॲप थेट फोनवर चालतं. केबल मात्र डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नको!

प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर पडतात. सोर्स कोड खुला ठेवणार असाल तर एफ-ड्रॉइडवर फी नाही.