फत्तेनगरचा धनी

मिसर देशांत खरेदी केलेले गुलाम सुलतान झाले. १२५९ च्या अखेरीस कुतुझ तख्तावर बसला, १२६० मध्यें त्यानें मंगोलांसारख्या शत्रूस धूळ चारली आणि विजय मिळवून परततांना वाटेंतच त्याच्या सरदारांनीं त्यास ठार केलें. कुतुझाची कारकीर्द वर्षभरही टिकली नाहीं.

दक्षिणेंत मलिक अंबर हाही बाजारांत विकलेला हबशी. १६०० मध्यें अहमदनगर मोंगलांनीं घेतल्यावर त्यानें मुर्तजा निजामशहास उभें केलें, आपली मुलगी त्यास दिली, आणि सत्ता स्वतःच्या हातीं असूनही तख्त मात्र निजामशाहीचेंच मानिलें. १६१० मध्यें त्यानें खडकी वसविली, नहरीनें तेथें पाणी आणिलें. सव्वीस वर्षें हें राज्य त्याच्या एकट्याच्या बळावर तगलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

१६२६ मध्यें अंबर वारला. त्याचा मुलगा फत्तेखान गुलाम नव्हता. वजिराच्या घरांत वाढलेला होता. त्यानें खडकीस फत्तेनगर हें नांव दिलें. बापानें वसविलेल्या गांवास मुलानें आपलें नांव द्यावें, यांतच त्याचा स्वभाव दिसतो! परंतु अंबराच्या धाकांतून सुटलेल्या निजामशहानें त्यास लौकरच कैद केलें व कारभार हमीदखान हबशाच्या हातीं दिला. १६२९ मध्यें देवगिरीवर, म्हणजे दौलताबादेस, लखुजी जाधवांचा घात झाला. पुढच्याच वर्षीं भयंकर दुष्काळ पडला. राज्य बुडूं लागलें, तेव्हां निजामशहानें फत्तेखानास मोकळें केलें.

मोकळा झालेल्या फत्तेखानानें निजामशहासच कैद करून मारविलें, हुसेन नांवाचें पोर तख्तावर बसविलें आणि शहाजहानचें स्वामित्व कबूल केलें. शहाजीराजांकडे गेलेला मुलूख मोंगलांनीं त्यास परत दिला. राजे विजापुरास मिळाले. विजापूरकर दौलताबादेवर चालून येतांच फत्तेखानानें महाबतखानास हांक मारिली, आणि महाबतखान निघाला तोंच विजापूरकरांशीं सलूख केला. असा धरसोडीचा मनुष्य कोणाच्याच कामाचा राहत नाहीं.

१६३३ मध्यें महाबतखानानें वेढा घातला. प्रथम पडला तो बाहेरचा अंबरकोट, बापाच्या नांवाचा तट. सुरुंगानें तो फुटला. पाठोपाठ महाकोट गेला. गडावर धान्य सरलें. डोंगरावरचा बालेकिल्ला सहज पडण्याजोगा नव्हता, पण पोटाला काय घालणार? १७ जून रोजीं साडेदहा लाख रुपये घेऊन फत्तेखानानें किल्ला मोंगलांच्या हवालीं केला. पोर हुसेन ग्वाल्हेरच्या तुरुंगांत गेला.

शहाजीराजांनीं निजामशाहीचा दुसरा वारस पेमगिरीवर उभा करून १६३६ पर्यंत झुंज दिली. फत्तेनगर हें नांवही फार दिवस टिकलें नाहीं. १६५३ मध्यें दक्षिणेचा सुभेदार होऊन आलेल्या औरंगजेबानें तें पुसून आपलें नांव दिलें. अंबराची कबर खुलताबादेस आहे. फत्तेखान शहाजहानच्या नेमणुकीवर लाहोरास जाऊन राहिला.