मांडव्य ऋषींनी घातलेली मर्यादा

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला. मौनव्रत असल्यामुळे ऋषी काही बोलले नाहीत आणि राजाने त्यांना सुळावर चढवले. पुढे त्यांनी यमधर्माला जाब विचारला. धर्म म्हणाला, लहानपणी तुम्ही पतंगांना गवताची काडी टोचली होती, त्याचे हे फळ. ऋषी संतापले. अजाण वयातल्या अपराधाला एवढी शिक्षा? त्यांनी धर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला, तोच विदुर. शिवाय, चौदा वर्षांपर्यंतचे कर्म पाप मानले जाणार नाही, अशी मर्यादा घालून दिली.

ही कथा आठवली ती पुण्याच्या घटनेमुळे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा दारू पिऊन चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. लोक खवळले, आणि ते साहजिकच होते. पण अल्पवयीन आरोपीचा बचाव ही काय श्रीमंतांसाठी काढलेली पळवाट आहे?

इतिहास तसे सांगत नाही. आपल्या गोव्यात पोर्तुगीज आमदानीत १८८६ ची दंड संहिता होती. दहा वर्षांखालील मुलाला ती गुन्हेगार मानत नसे. दहा ते चौदाच्या मुलाला समज होती का, हे आधी पाहावे लागे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६० च्या संहितेने याच रेषा सात आणि बारा वर्षांवर ओढल्या होत्या. मुक्तीनंतर ती संहिता गोव्यात आली. जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेतही त्या रेषा तशाच आहेत.

त्याहून मोठ्या मुलांसाठी वेगळे कायदे झाले. मुंबई इलाख्याचा बालकांचा कायदा १९२४ चा. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत अल्पवयीन होती. २००० मध्ये दोघांनाही अठराची मर्यादा आली. दिल्लीच्या २०१२ च्या अत्याचारानंतर लोकक्षोभ उसळला आणि २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरामधील मुलावर, गुन्हा अतिगंभीर असल्यास, प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली.

मात्र अतिगंभीर म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा. १८६० च्या संहितेत सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी असली, तरी किमान ठरलेली नव्हती. दिल्लीतील २०१६ च्या मोटार अपघातात मुलगा अठराला काही दिवसच कमी होता. तरी याच कारणाने २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा अतिगंभीर ठरत नाही असे सांगितले. पुण्याच्या मुलाला निरीक्षणगृहात ठेवणे मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये बेकायदेशीर ठरवले, आणि त्याला प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. जामीन हा तर अशा मुलासाठी नियमच. नाकारायचा तर कारण नोंदवावे लागते.

हा सगळा बचाव मुलाचा झाला. पुण्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच होती. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि आईवडिलांना अटक झाली. दारूच्या खटल्यात रक्ताचा नमुना हाच मुख्य साक्षीदार. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क, ही कायद्याची रेषा. तो नमुना खरोखरच बदलला असेल, तर तो बचाव नव्हे, न्यायाची चोरी आहे. आणि ती करायला वय लागते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम मला म्हणून महत्त्वाचे वाटते. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण रोखले होते, हे त्यानेच सिद्ध करायचे.

आपल्याकडे जत्रेला, फेस्ताला बापाची स्कूटर घेऊन जाणारी सोळा वर्षांची पोरे वाड्यावाड्यावर दिसतात. चावी त्यांना कोणीतरी दिलेलीच असते, निदान समोर टांगून ठेवलेली असते. मांडव्यांनी मर्यादा घातली ती मुलांसाठी. तिच्या आडोशाला मोठ्यांनी उभे राहावे, असे त्या कथेत कुठेही नाही.