‘श्रिफ्ट’ : एका जुन्या शब्दाची हकीकत

पापाच्या कबुलीला इंग्रजींत ‘कन्फेशन’ म्हणतात, हें सुशिक्षितांस ठाऊक असतें. पण हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनें आलेला पाहुणा होय. त्याच्या आधीं इंग्लंडांत या अर्थानें ‘श्रिफ्ट’ हा शब्द नांदत होता. आज तो एकटा फारसा भेटत नाहीं. कोणाचें गाऱ्हाणें पुरतें न ऐकतां त्याची बोळवण केली, म्हणजे त्याला ‘शॉर्ट श्रिफ्ट’ दिलें असें म्हणतात. मुळांत हा वधस्तंभाकडे जाणाऱ्याला पापनिवेदनासाठीं मिळणारा तुटपुंजा अवकाश होता. इ. स. १४८३ मध्यें लॉर्ड हेस्टिंग्जचा शिरच्छेद झाला. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकांत त्याला असेंच घाईनें उरकावयास सांगितलें आहे. लेंटच्या उपवासपर्वाला बुधवारीं आरंभ होतो. आदल्या मंगळवारास ‘श्रोव्ह ट्यूजडे’ म्हणतात, त्यांतही हाच धातु.

मौज अशी कीं, या शब्दाच्या मुळाशीं बोलणें नसून लिहिणें आहे. लॅटिन ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणें. जर्मन ‘श्रायबेन’नें तोच अर्थ अद्यापि जपला आहे; जुन्या इंग्रजीतील ‘स्क्रीफान’ मात्र ‘नेमून देणें, प्रायश्चित्त सांगणें’ या अर्थाकडे वळला. धर्मगुरूंजवळ प्रायश्चित्तांच्या पोथ्या असत व त्यांत अमुक पापाला इतके उपवास असा हिशेब मांडलेला असे. वैद्यानें रोग पाहून मात्रा सांगावी, तसाच हा प्रकार. म्हणजे शब्दाचा रोख पापी मनुष्याच्या तोंडाकडे नव्हता, गुरूच्या निवाड्याकडे होता.

महाराष्ट्राला हें परकें वाटूं नये. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचा आहे. मनूनें अकराव्या अध्यायांत पाप उघड सांगणें आणि पश्चात्ताप यांनाही पापमुक्तीचीं साधनें मानिलें आहे. ज्ञानेश्वरादि भावंडें पैठणास गेलीं तीं शुद्धिपत्रासाठीं, अशी परंपरा आहे. तेथेंही पत्रच हवें होतें. नुसता शब्द पुरेसा नव्हता!

इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आलेला फादर स्टीफन्स हा जन्मानें इंग्रज. त्याचें मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें राचोल येथें छापिलें गेलें. पण त्याच्या मायभूमीचा ‘श्रिफ्ट’ इकडे आला नाहीं. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत रुजला तो ‘कुमसार’, म्हणजे पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’चें देशी रूप.

निवेदनावांचून निवाडा कसा असतो, हें पुण्यानें पाहिलें. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. पुढें नांवें वर्तमानपत्रांत आलीं आणि प्रकरण शंकराचार्यांच्या वतीनें चौकशीपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें, तेव्हां सुधारक रुष्ट झाले. पाप कोणतें, याविषयीं त्यांच्या मनाची साक्ष कोणीही विचारिली नाहीं. समाजाला हवी होती ती फेड. ‘स्क्रीफान’चा मूळ अर्थ तेथें पुरता उतरला, असेंच म्हणावें लागतें.

मराठींतला ‘कबुलीजबाब’ अरबी वळणाचा आणि कचेरींतला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरविली. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही तो नियम कायम आहे. दंडाधिकारी कबुली लिहून घेऊं शकतो. मात्र कबुली देण्याचें बंधन नाहीं आणि दिल्यास ती विरुद्ध वापरली जाईल, हें त्यानें आधीं बजाविलें पाहिजे. लिहिलेलें वाचून दाखविलें पाहिजे. लेखाची भाषा आरोपीला कळत नसेल, तर ती कळेल अशा भाषेंत उलगडून सांगितलें पाहिजे. चांद्याहून १९८२ मध्यें वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्लीसारख्या तालुक्यांत या शेवटल्या अटीचें मोल फार आहे. तेथें माडिया बोलणाऱ्या मनुष्याचा शब्द मराठी कागदावर उतरतो, आणि दुभाषा मधें उभा असतो.