लग्नाचे फोटो कोणाच्या पेटीत?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लग्नसराई सुरू होते आणि आमच्या बचतगटांच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाढतात. अर्जासोबत आम्ही खर्चाची यादी मागतो. बस्ता, मंडप, आचारी, भांडी, बँड. पूर्वी या यादीत फोटोवाला शेवटच्या ओळीत असायचा. आता तो बस्त्याच्या खालोखाल येऊन बसलाय. शूटिंग, ड्रोन, प्री-वेडिंग आणि वर करिझ्मा आल्बम. मग बैठकीत वाद होतो. एक म्हणते, आल्बम फोटोवाल्याकडूनच करून घ्यावा, जन्मात एकदाच लग्न होतं. दुसरी म्हणते, नुसते फोटो घ्यावेत आणि लागतील तेवढे आपणच छापावेत. या वादात आम्हाला एक प्रश्न पडला. आपल्या भागात लग्नाचा फोटो आला कधी, आणि तो राहिला कोणाच्या हातात? आज त्याबद्दलच बोलू.

फोटो नव्हता तेव्हा लग्नाची आठवण दोन ठिकाणी राहायची. एक आहेराची वही. कोणी लुगडं दिलं, कोणी तांब्या, कोणी सव्वा रुपया, सगळं त्यात लिहिलेलं. ही वही पुरुषांच्या हातची, आणि ती जपायची कारण परत आहेर करायचा असतो. दुसरी आठवण जात्यावरची. लेकीचा मांडव, भावाची वाट, सासरचा रस्ता हे सगळं बाया दळताना ओवीत गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या बायांच्याही आहेत. वही पेटीत राहिली, ओवी तोंडात राहिली. गिरणी आली तशी ओवी कमी झाली. म्हणजे बायांकडची आठवण आधी गेली, असं आम्हाला वाटतं.

फोटो काढायची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि फार लवकर आपल्या देशात पोचली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले फोटो काढणारे. पण परभणीचा कारभार तेव्हा मुंबईकडं नव्हता. आपण निजामाच्या राज्यात, आपली राजधानी हैदराबाद. म्हणून आपली गोष्ट हैदराबादेतून सुरू होते.

तिथं लाला दीनदयाळ नावाचे फोटोग्राफर होते. जन्म मेरठजवळच्या सरधन्याचा, शिक्षण रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. सहाव्या निजामाने, म्हणजे महबूब अली खान यांनी, त्यांना दरबारचे फोटोग्राफर नेमलं आणि पुढं 'राजा मुसव्विर जंग बहादूर' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. सरदार-दरकदारांच्या घरचे पुरुष त्यांच्याकडं फोटो काढून घ्यायचे, पण पडद्यातल्या बायका परक्या पुरुषापुढं कशा बसणार? म्हणून १८९२ च्या सुमाराला दीनदयाळांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा झनाना स्टुडिओ उघडला. तिथलं काम पाहायला केनी-लेविक नावाची इंग्रज बाई नेमली.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आपल्या हळदीची आठवण झाली. नवरीला न्हाऊ घालताना, हळद लावताना दोन-दोन कॅमेरेवाले पोरं समोर उभी असतात आणि बाया अंग चोरून बसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी निजामाच्या राजधानीत जी सोय होती, ती आज आपल्या गावात नाही. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. गटातल्या एखाद्या मुलीला कॅमेरा शिकायचा असेल तर तिच्या कर्जाचा अर्ज शेळीच्या अर्जाइतक्याच विश्वासानं घ्यावा, असं आमचं मत आहे. असो, हे थोडं आडवाटेचं झालं.

दीनदयाळांच्या काळात कॅमेऱ्यात काचेची पट्टी असायची. तिच्यावर उलटं चित्र उमटायचं, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. तीच निगेटिव्ह. तिच्यावरून कागदावर हवे तितके फोटो छापता यायचे. गिऱ्हाईक कागद घेऊन घरी जायचं आणि काच स्टुडिओत राहायची. पुन्हा फोटो हवा असेल तर पुन्हा त्याच दारात जायचं. आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात दीनदयाळांच्या अडीच हजारांहून जास्त काचा आहेत. ज्या घरांचे ते फोटो, त्या घरांत त्यांतले किती कागद शिल्लक असतील देव जाणे, पण काच जपली गेली. पुढची शंभर वर्षं हाच धंद्याचा नियम राहिला. चेहरा आपला, निगेटिव्ह त्याची.

१९०० च्या सुमाराला मनमाडहून हैदराबादला जाणारी रेल्वे सेलू, परभणी, पूर्णा या वाटेनं सुरू झाली आणि राजधानीच्या वस्तू, हौस-मौज इकडं यायला लागली. तरी शेतकऱ्याच्या मांडवात कॅमेरा यायला फार वेळ लागला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. त्यानंतरही कितीतरी वर्षं लग्नाचा फोटो म्हणजे लग्न झाल्यावर कधीतरी जोडीनं तालुक्याला जाऊन स्टुडिओत काढलेला फोटो. नवरा खुर्चीवर, नवरी उभी, मागं कापडावर रंगवलेला बाग. आमच्या गटांतल्या ज्या मावश्यांची लग्नं बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढं-मागं झाली, त्यांच्यातल्या बहुतेकींकडं लग्नाचा फोटो नाही. एकीकडं आहे तो जत्रेतल्या पडद्यापुढचा, त्यात कडेवर पहिलं लेकरू आहे. ती तोच लग्नाचा फोटो म्हणून दाखवते आणि कोणी हसलं तर तिला चालत नाही.

मग आला रोलचा कॅमेरा. बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री पुष्कळांनी पाहिला असेल. चौकोनी फोटो निघायचे, एका रोलमध्ये बाराच. बारा म्हणजे बारा. त्यामुळं मांडवात फोटोवाला जपून बटण दाबायचा. अंतरपाट, हार, सप्तपदी, कन्यादान, मामा, वरमाई, मान्यवर पाहुणे, आणि रोल संपला. नवरीची मावशी, करवली, चुलीपुढं दोन दिवस राबलेल्या बाया यांना बारांत जागा कुठली! पुढं छत्तीस फोटोंचा रोल आला, ऐंशीच्या दशकात रंग आला, आल्बमही आले. काळ्या कागदाच्या पानावर चार कोपऱ्यांत अडकवलेले फोटो, मध्ये जाळीदार बटर पेपर. नंतर चिकट पानांचे आल्बम निघाले. त्यांतले फोटो आता काढायला जा, फाटतील पण निघणार नाहीत. आजीचा काळा-पांढरा फोटो स्वच्छ दिसतो आणि आईचा रंगीत फोटो पिवळा-लाल पडलेला असतो, याचं कारणही कळलं. जुन्या फोटोत काळेपणा चांदीच्या बारीक कणांचा असतो आणि तो टिकतो. रंगीत फोटोतले रंग उजेडानं आणि उकाड्यानं उडतात.

आता करिझ्माकडं येऊ. या आल्बमात सुटा फोटो नसतो. बारा बाय छत्तीस इंचांच्या लांब पत्र्यावर, म्हणजे शीटवर, संगणकावर पाच-सात फोटो जुळवून, मागं फुलं-महाल टाकून एकच चित्र करतात. लॅबमध्ये ते छापून, वर प्लॅस्टिकचा थर देऊन पुठ्ठ्यावर बांधतात. हजारभर फोटोंतून कुठले घ्यायचे, कोणता मोठा, कोणता बोटाएवढा, हे बहुतेक वेळा जुळवणाराच ठरवतो. म्हणजे रोल संपायची अडचण गेली, तरी चुलीपुढच्या बाया आल्बमात नाहीतच. एक पान ओलं झालं तर त्यावरचे सातही फोटो जातात. २०२४ च्या पोळ्याच्या पावसात आपल्या जिल्ह्यात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा फुगलेले आल्बम आम्ही उन्हात पाहिले. पुठ्ठा एकदा पाणी प्यायला की तो परत बसत नाही.

पण आमच्या मनाला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. आमच्या माहितीतली एक लेक दोन वर्षांत माहेरी परतली. वकिलानं विचारलं, लग्नातले फोटो आहेत का? अंगावरचे दागिने दिसतील असे? लग्नाचा खर्च बापानं केलेला, फोटोवाल्याचे पैसे बापानंच दिलेले. पण आल्बम एकच आणि तो रीतीप्रमाणं सासरी गेलेला. फोटोवाल्याकडं गेले तर तो म्हणाला, हार्डडिस्क खराब झाली. पाहुण्यांच्या मोबाइलमधून दहा-बारा धूसर फोटो जमले, तेवढ्यावर तिनं भागवलं.

इथं कायदा काय म्हणतो ते प्रत्येकीनं ऐकून ठेवावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात सांगितलंय, की पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. काचेची पट्टी असो की कार्ड, पैसे आपण दिले तर हक्क आपला. मात्र 'वेगळा करार नसेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. फोटोवाल्याच्या पावतीमागं बारीक अक्षरांत काही छापलेलं असतं, ते आगाऊ पैसे द्यायच्या आधी कोणा शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. आणि पावती नुसती नवरदेवाच्या किंवा बापाच्या नावावर नको, नवरीचंही नाव घाला.

मग आल्बम की स्वतः छापणं? फोटो काढायला चांगला माणूस लावावा, त्यात कंजूषी नको. अंतरपाट दूर होतो तो क्षण डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो, मांडवातला उजेड वाईट असतो, भाच्याच्या मोबाइलला ते जमेलच असं नाही. मजुरी त्याच्या कसबाची द्यावी. शीटचे पैसे मात्र वाचवता येतात. ठरवतानाच सांगावं, की काढलेले सगळे मूळ फोटो पूर्ण आकारात पेनड्राइव्हवर हवेत आणि ते हातात आल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल. व्हॉट्सअॅपवर पाठवलेले चालत नाहीत, त्यात फोटो लहान होतो आणि छापला की फुटतो. फोटो एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका, दुसरा भरा आणि तो दुसऱ्या घरात ठेवा.

नंतर निवांत बसून चार बाया मिळून साठ-सत्तर फोटो निवडा आणि शहरातल्या कलर लॅबमधून चार बाय सहाचे छापून घ्या. समजा लॅबवाल्यानं एका फोटोला दहा रुपये सांगितले, तर साठ फोटोंचे दोन संच बाराशे रुपयांत होतात. तुमच्या गावचा दर विचारून हाच गुणाकार करा आणि आल्बमच्या दराशेजारी ठेवा. घरच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या शाईच्या प्रिंटरवर छापणं स्वस्त वाटतं, पण त्यातली पुष्कळ शाई पाण्याच्या थेंबानं पसरते. अर्जाला, दाखल्याला जोडायला ते ठीक, जपून ठेवायला लॅबचा कागद बरा. कोणाला हौस म्हणून करिझ्मा करायचाच असेल तर जरूर करा, आम्ही काही हौसेच्या आड येत नाही. फक्त त्याआधी हे साठ फोटो छापा. दोन संचांपैकी एक नवरीच्या स्वतःच्या पेटीत जाऊ द्या, सासूच्या कपाटात नाही.

फोटो म्हणजे लग्नाचा दाखला नव्हे, हेही सांगायलाच हवं. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणं गावात विवाह नोंदणी ग्रामसेवकाकडं होते. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत तीन साक्षीदार घेऊन जायचं. पत्रिका आणि लग्नातला फोटो बहुतेक ठिकाणी मागतात, म्हणजे छापलेला फोटो तिथंही कामाला येतो. आमच्या काही गटांनी यंदापासून लग्नकर्जाच्या अर्जात दोन ओळी वाढवल्यात. नोंदणीची तारीख, आणि मूळ फोटो कोणाकडं.

आणि एक काम या आठवड्यातच करण्यासारखं आहे. ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं, आरशाच्या चौकटीत खोचलेला जुना फोटो असेल तर तो काढा. पाहणारी म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या, ही कोण, ती कोण, कुठल्या गावची, तिचं माहेरचं नाव काय. फोटोच्या मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. बॉलपेननं लिहू नका, टोक रुतून पुढं वळ उमटतो. आणि नुसतं 'बबनची आई' असं लिहू नका, तिचं नाव लिहा.